वरचे दार आणि माझी बाकीची मालमत्ता

परमेश्वराच्या नावाने. मी, मारिया एदुविहेस तोवार, पहिल्या लग्नाने एउसेबियो लिरा या शिपायाची विधवा, दुसऱ्या लग्नाने अन्सेल्मो फारियास या पाटकऱ्याची विधवा, राहणार सान आंतोनियो दे बेहार, नदीपलीकडे पाटाच्या काठी. धंदा, लष्करी चौकात तिखट मटण आणि तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, विकणे. वय साठीच्या पुढे. नक्की वय माझ्या गावच्या पाद्र्याच्या लक्षात होते, तो कधीच वारला. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी करायचे नसते. मला कोणी धमकावलेले नाही, दारू पाजलेली नाही, गोड बोलून भुलवलेले नाही. जे सांगते ते माझ्या मर्जीने सांगते. कोम्पाद्रे क्रिस्पीन आरोचा ते लिहून घेत आहेत. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यांनी तिला हातात धरले, तेव्हापासून मी त्यांची कोमाद्रे आणि ते माझे कोम्पाद्रे. हे नाते सख्ख्या भावापेक्षा जास्त छळते.

कोम्पाद्रेंना मी बजावले आहे की मी बोलेन तसेच लिहायचे, सुधारायचे नाही. ते म्हणतात, "कोमाद्रे, तुम्ही आधी एका जागी बसा. चालणाऱ्या बाईचं मृत्युपत्र मी आजवर लिहिलेलं नाही." बसले की मला सगळे विसरायला होते, म्हणून मी उभीच आहे. कधी खिडकीशी, कधी चुलीशी. त्यामुळे कलमे मागेपुढे झाली तर कोर्टाने समजून घ्यावे.

कलम पहिले. माझा आत्मा ज्याने दिला त्याला परत. देह जिथे कोम्पाद्रे आणि माझी मुलगी ठरवतील तिथे. साधी पेटी, दोन मेणबत्त्या. रडायला भाड्याच्या बायका आणू नयेत. माझ्या सासूच्या वेळी आणल्या होत्या, त्यांनी आधी जेवायला मागितले.

कलम दुसरे. राहते घर, म्हणजे दगडाची खोली, मागची कुडाची खोली, भट्टी आणि अंगण, हे माझी मुलगी निएवेस लिरा हिला. ती माझ्या पहिल्या नवऱ्याची. बाप मेल्यावर जन्मली. फौज उत्तरेकडे चालत होती तेव्हा बर्फाने आम्हाला झोडपले होते आणि ती माझ्या पोटात होती, म्हणून नाव निएवेस, बर्फाचे. ती सध्या नवऱ्याबरोबर लारेदोला असते. घराचे छत गळते हे तिला माहीत आहे, तरी इथे लिहून ठेवते, नाहीतर म्हणेल आईने सांगितले नाही.

कलम तिसरे. चौकातली माझी जागा, कंदिलाच्या खांबाजवळची, आणि तांब्याची मोठी भांडी, शेगडी, लाकडी बाके, हे सगळे शेजारीण कासिल्दा हिला. ती माझ्याबरोबर बसून विकते. तिच्या हाताला चव आहे, फक्त जिरे जास्त घालते. भांडी घेतली म्हणजे जिरे कमी करण्याचे तिने मान्य केले असे समजावे.

कलम चौथे. पाटा-वरवंटा माझ्याबरोबर आला. फौजेच्या मागे चालताना मी तो पाठीवर बांधून आणला आहे, सान लुइसकडच्या माझ्या गावापासून. लोक बंदुका टाकून देत होते आणि मी पाटा सोडला नाही. एउसेबियो म्हणायचा, "एदू, शत्रूने बघितलं तर समजेल, ही तोफ आहे." पाटा निएवेसला.

कलम चौथे, पुढे चालू. काही मंडळींना मी काहीही ठेवत नाही आणि ते विसरून राहिले असे कोणी समजू नये. ज्या सरसेनापतीने आम्हाला त्या थंडीतून हाकत आणले त्याला काही नाही, त्याचे नावही या कागदावर येणार नाही. दर मार्च महिन्यात अलामोच्या पडक्या भिंतीसमोर भाषण करणारे जे गृहस्थ आहेत, त्यांनाही काही नाही. एका वर्षी त्यांनी मला माणूस पाठवून कळवले होते की, आजच्या दिवशी हल्ला करणाऱ्या फौजेतल्या शिपायाच्या बायकोने चौकात बसले नाही तर बरे दिसेल. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन माझ्याकडे दोनदा जेवले. त्यांना माझ्या भांड्याच्या तळाची खरवड द्यावी.

कोम्पाद्रे म्हणतात, खरवड ही मालमत्ता होत नाही. बरे, खोडा.

कलम पाचवे. आता मुख्य. पाटाच्या काठचा मळा, पीचची आणि अंजिराची झाडे, आणि त्या मळ्याची पाणीपाळी. आमच्याकडे जमीन वेगळी आणि पाणी वेगळे असते. ज्याच्याकडे पाळी आहे त्याचा तो दिवस, त्या दिवशी पाटाचे पाणी त्याचे. पाणी नसलेली जमीन इथे धूळ असते. दोन्ही अन्सेल्मोकडून माझ्याकडे आले, आणि दोन्ही मी अन्सेल्मोची मुलगी पेत्रोनिला फारियास हिला देते. ती त्याच्या पहिल्या बायकोची, जी कॉलऱ्यात गेली. झाडे बापाने लावली, लेकीने खावी. शिवाय तिला गरज आहे. तिचा नवरा बैलगाड्या हाकतो आणि पुढच्या वर्षी आगगाडी येते आहे.

अट अशी: जुने कब्रस्तान बंद होत असल्याने सगळे आपापली माणसे नव्या कब्रस्तानात हलवत आहेत. पेत्रोनिलाने नवी जागा घेतली, तिथे आजीला नेले, आईला नेले, काका तोरिबियोच्या नावाचा दगड नेला. बापाला तिथेच सोडले. आता जुन्या कब्रस्तानात त्याच्या आजूबाजूला नुसते खड्डे आहेत आणि मध्ये तो एकटा. मी मागच्या रविवारी बघून आले. बकऱ्या चरत होत्या. नवी जागा पेत्रोनिलाची आहे, तिच्या परवानगीशिवाय मी त्याला नेऊ शकत नाही. तिने बापाला त्याच्या भावाच्या दगडाशेजारी नेऊन ठेवावे, तर मळा तिचा.

तिने का सोडले ते बेहारमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळ्यांना चुकीचे ठाऊक आहे. म्हणून हे कलम लांबणार आहे. कोम्पाद्रे, शाई भरून घ्या.

चाळीस वर्षांपूर्वी, ज्या वर्षी आमची फौज आली त्या वर्षी, सरकारविरुद्ध उठलेले बंडखोर अलामोच्या जुन्या मठात शिरून बसले आणि आमच्या फौजेने त्यांना घेरले. आत बहुतेक गोरे, पण बेहारचे आपले लोकही होते. त्यात अन्सेल्मोचा धाकटा भाऊ तोरिबियो. अन्सेल्मो तेव्हा मठाकडच्या पाटाचा पाटकरी. दरवर्षी मळेवाले मिळून पाटकरी निवडायचे आणि सतत त्यालाच निवडायचे. फौजेने पहिल्याच दिवसांत त्याला पकडून वरच्या दाराशी नेले. पाणी नदीतून पाटात जिथे वळते ते वरचे दार. तिथून पाट मठाच्या भिंतीखालून जातो. अधिकाऱ्याने सांगितले, दार लाव, थेंबही जाता कामा नये. अन्सेल्मोने दार लावले. पुढे मठ पडला, आतले सगळे मेले, तोरिबियोही मेला, आणि सगळ्यांची प्रेते जाळली. गावाने हिशेब केला: सख्ख्या भावाचे पाणी ज्याने तोडले तो हा. त्याच्या आईने म्हटले. मग पेत्रोनिलाने म्हटले, ती तेव्हा लहान होती, आजीच्या तोंडचे शिकली. पाटावर त्याला पुन्हा कोणी निवडले नाही. आणि पुढे त्याने माझ्याशी लग्न केले तेव्हा लोक म्हणाले, फौजेने बक्षीस दिले.

मी त्या दाराशी होते. माझा पहिला नवरा एउसेबियो तिथे पहाऱ्यावर होता आणि मी त्याची भाकर घेऊन गेले होते. दुपारची वेळ. मी जे पाहिले ते असे.

अधिकारी बघत होता तोवर अन्सेल्मोने फळ्या बसवल्या, मध्ये फांद्या कोंबल्या, वरून चिखल थापला. दार कोरडे झाले. अधिकारी घोड्यावर बसून गेला. मग अन्सेल्मो पाण्यात उतरला, गुडघ्यावर बसला, आणि फळीखालून एक काडी ओढून काढली. पाण्याची एक बारीक धार पलीकडे उतरली.

एउसेबियो म्हणाला, "ए पाटकरी, काय करतोस?"

"चिखल बसवतोय."

"मी पण पाटावरच वाढलोय. चिखल बसवताना काडी आत घालतात, बाहेर नाही काढत."

अन्सेल्मोने मागे वळून बघितले. काडी हातातच होती. मी तोर्तियांचे फडके घट्ट धरून उभी. माझ्या नवऱ्याच्या हातात बंदूक, आणि मला वाटले आता हा ओरडणार. ओरडला असता तर त्याला शाबासकी मिळाली असती, कदाचित बूटही. त्याच्या पायात तेव्हा चिंध्या होत्या.

एउसेबियोने विचारले, "आत कोण आहे तुझं?"

"भाऊ. धाकटा."

एउसेबियोने रस्त्याकडे बघितले. मग म्हणाला, "मग अजून एक काढ. एवढ्यानं चिमणीची चोच भिजायची नाही."

अन्सेल्मोने अजून एक काढली. एउसेबियो त्या जागेवर, दाराच्या अगदी कडेला, काठावर बसला आणि अंगावरची घोंगडी खाली पाण्यापर्यंत सोडली, म्हणजे धार झाकली गेली. मला म्हणाला, "एदू, उभी काय राहिलीस? वाढ. मी जेवायला बसलोय, आता मला कोण उठवतो बघू." आणि अन्सेल्मोला म्हणाला, "तू पण खा. माझी बायको घेवडा चांगला करते, फक्त दात शाबूत पाहिजेत." अन्सेल्मोने माझ्या हातची पहिली तोर्तिया तेव्हा खाल्ली. चव लागली नसावी.

तेवढ्यात अधिकारी परत आला. शिपायाने अधिकारी दिसला की ताडकन उठायचे असते. एउसेबियो उठला असता तर घोंगडी सरकली असती. तो बसूनच राहिला. तोंडात घास होता, तसाच सलाम केला. अधिकाऱ्याने विचारले, "पाय मोडले का रे?" आणि वेताची छडी त्याच्या खांद्यावर मारली, मग पाठीवर, मग मानेवर. तो बसून राहिला. म्हणाला, "थंडीनं पाय बधिर झालेत, साहेब." अधिकाऱ्याने दाराकडे बघितले, चिखल कोरडा दिसला, गेला. त्या दिवसापासून एउसेबियो मागून घेऊन त्याच दारावर पहारा करत राहिला. लोकांना वाटे काम हलके म्हणून.

हल्ल्याच्या दिवशी त्याला शिड्या वाहणाऱ्यांत घातले. भिंतीपर्यंत तो पोचला हे एकाने मला सांगितले. शिडीवर चढला का, हे कोणी सांगितले नाही. मेलेले इतके होते की कब्रस्तानात मावले नाहीत, काहींना नदीत टाकले. तो कुठे गेला ते मला आजही ठाऊक नाही. मी सगळीकडे विचारून आले आणि शेवटी त्या दाराशी जाऊन बसले, कारण या गावात मला दुसरी ओळखीची जागा नव्हती. अन्सेल्मो दार उघडायला आला. मला बघून म्हणाला, "बाई, तुझा नवरा?" मी मान हलवली. तो माझ्या बाजूला खाली बसला आणि ढसाढसा रडला, भावासाठी आणि माझ्या नवऱ्यासाठी एकदमच. एवढा मोठा माणूस तसा रडताना मी पुन्हा बघितला नाही. मग मला घरी घेऊन गेला आणि आईला म्हणाला, "ही पोटुशी आहे, हिला खायला दे." बाकी सगळे नंतरचे. लोकांना जे बक्षीस वाटले ते हे.

मी त्याला कितीदा म्हटले, सांगून टाक. तो म्हणायचा, "काय सांगू? दोन काड्यांचं पाणी. पाट वाळलेला होता, एदू. ते पाणी मठापर्यंत गेलं की वाटेतच जमिनीनं प्यालं, मला ठाऊक नाही. न पोचलेल्या पाण्याची बढाई मारू? आणि तीही मेलेल्या शिपायाच्या आड लपून?" जिवंत असेपर्यंत बोलायचे नाही असे त्याने माझ्याकडून वदवून घेतले. तो गेल्यावर मी पेत्रोनिलाकडे गेले होते. तिने दारातच म्हटले, "तुम्ही त्यांचीच बाजू घेणार." आणि कवाड लावले. तेव्हापासून मी हे पोटात घेऊन फिरते. रात्र असो दिवस असो, चैन नाही. मेल्यावर तरी कोणी कागद वाचायला नाही म्हणत नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

कोम्पाद्रे लिहायचे थांबले आहेत. विचारतात, "कोमाद्रे, पाणी आत पोचलं असं लिहू का? कोण तपासणार आहे? पोरीला बरं वाटेल."

नाही. ठाऊक नाही असेच लिहा.

कलम पाचवे, दुरुस्ती. वर अट घातली आहे ती मी कोम्पाद्रेंकडून वाचून घेतली आणि मला ती आवडली नाही. मळ्यासाठी बापाला हलवले तर गाडीवाला भाड्यासाठी माल हलवतो तसे होईल. ते अन्सेल्मोला खपले नसते. अट खोडा. मळा आणि पाणी पेत्रोनिलाला, बिनशर्त. बापाला ती नेवो, न नेवो.

कोम्पाद्रे म्हणतात, "मग तो बकऱ्यांतच राहिला तर?" राहिला तर राहिला. नाही, थांबा. राहिला तर मलाही तिथेच पुरा, त्याच्या बाजूला. पण ते कब्रस्तान बंद झाले, तिथे आता पुरू देत नाहीत. असू दे. खोडा म्हटले ना, खोडा. अट खोडली आहे, समासात माझी खूण आहे.

इथे लेखनात खंड पडला. कारण कोम्पाद्रेंनी लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कोणी शंका काढणार नाही.

साक्षीदार म्हणून शेजारचे मेणबत्त्या करणारे पान्फिलो रेंदोन आणि जर्मन खाटीक ओत्मार यांना बोलावले होते. तिसऱ्या साक्षीदार म्हणून पान्फिलोंची बहीण येणार होती. जुन्या चालीप्रमाणे कोम्पाद्रे तीन साक्षीदारांशिवाय हात लावत नाहीत. ओत्मार आले, पान्फिलो आले, बहीण आली, आणि तिच्या मागून पेत्रोनिला आली. तिला कोणी बोलावले नव्हते. आमच्या गल्लीत कागदवाला शिरला की चार घरे पलीकडे कळते.

ती दारातूनच म्हणाली, "मळा विकताय असं ऐकलं."

"विकत नाही. तुला देते."

"का?"

"झाडं तुझ्या बापानं लावली."

"त्यांचं नाव माझ्यासमोर नको."

मी कोम्पाद्रेंना म्हटले, पाचवे कलम वाचा. ते माझ्याकडे बघू लागले. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. मी म्हटले, माझ्यासमोर वाचा, मेल्यावर मला तिचे तोंड बघता येणार नाही. पेत्रोनिला निघालीच होती, पण ओत्मार दारात उभे होते आणि ते दार भरून उभे राहतात. कोम्पाद्रेंनी वाचले. मी चुलीशी गेले, खिडकीशी गेले, पुन्हा चुलीशी. मला तिच्याकडे बघवत नव्हते.

वाचून झाल्यावर तिने विचारले, "काडी कुठली? वरची का खालची?"

"खालची. डाव्या अंगाची."

"बाबा नेहमी डावीकडून काढायचे. उजवीकडून काढली तर काठ खचतो." मग लगेच तिखट झाली. "पण तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर नांदलात. एवढं तर तुम्हाला कुणी न सांगताही माहीत असणार."

"असणार."

"मग मी कसं मानू?"

मी म्हटले, "नको मानूस. मी कोर्ट नाही. मी बघितलं ते सांगितलं."

ती बाकावर बसली. या घरात ती इतक्या वर्षांत बसली नव्हती. पान्फिलो घसा खाकरत होते, त्यांना मेण कढत ठेवून यावे लागले होते. मग ती कोम्पाद्रेंना म्हणाली, "ते परत वाचा. जमिनीनं प्यालं ते."

त्यांनी परत वाचले.

"पाणी आत पोचलं असं का नाही लिहिलंत?"

"ते ठाऊक नाही मला."

"खोटं सांगायचं असतं तर तुम्ही पोचवलं असतंत," ती म्हणाली. "काकाच्या ओंजळीत नेऊन ओतलं असतंत. आणि अटही ठेवली असतीत." तिने शालीच्या टोकाने नाक पुसले. "मी माझ्या पोरांना शिकवलंय, आजोबांचं नाव विचारलं तर सांगायचं माहीत नाही. सगळ्या पोरांना शिकवलं. आता त्यांच्यापुढे कुठल्या तोंडानं उभी राहू?"

मी तिच्याजवळ गेले. हात लावू की नको कळेना. शेवटी तोर्तिया गरम केली आणि घेवड्याबरोबर तिच्यापुढे ठेवली. तिने खाल्ली.

मग कोम्पाद्रे म्हणाले, चला, सह्या उरकून घेऊ, आणि पान्फिलोंच्या बहिणीला लेखणी दिली. पेत्रोनिला उठली आणि म्हणाली, "ही सही मी करते."

कोम्पाद्रेंनी चष्मा काढला. "पेत्रोनिला, नीट ऐक. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. झालीस तर तुझा वाटा गेला. मळाही गेला, पाणीही गेलं."

"कळतंय मला."

पान्फिलो म्हणाले, "अगं पोरी, माझी बहीण आहे ना इथे! ती करील सही, तू मळा घे. तुझ्या नवऱ्याच्या गाड्या बंद पडणार, खायचं काय?"

"तुमच्या बहिणीनं सही केली तर लोक काय म्हणतील? म्हातारीनं काहीतरी लिहून ठेवलं आणि मेणबत्तीवाल्याच्या बहिणीनं खूण केली. मी सही केली तर कोण बोलेल? ज्या पोरीनं बापाला शिव्या दिल्या तिनंच लिहून दिलं, असं होईल." तिने माझ्याकडे बघितले. "मळा निएवेसला द्या. पाण्यासकट. मी तिच्याकडून अंजिरं मागून खाईन. लहानपणी ती माझी चोरून खायची, आता माझी पाळी."

मी तिला म्हटले, वेडेपणा करू नकोस, मी रागावेन. ती म्हणाली, रागवा. आणि बाही वर केली.

कलम पाचवे, अखेरची दुरुस्ती. मळा आणि पाणीपाळी पेत्रोनिलाच्या सांगण्यावरून निएवेस लिरा हिला. मला हे मनापासून कबूल नाही, पण तिच्या बापाशीही मी हट्टात कधी जिंकले नाही. पेत्रोनिलाच्या घरच्यांना त्या मळ्यातली फळे तोडायची कायमची मोकळीक राहील. मळा निएवेसचा झाला तरी फळांवर तिने नाक मुरडू नये.

कलम सहावे आणि शेवटचे. अन्सेल्मोचे फावडे राहिले. ते पेत्रोनिलाच्या हातात मी आत्ताच, जिवंतपणी दिले आहे. म्हणून ते मृत्युपत्रात येत नाही आणि कोम्पाद्रेंच्या कायद्याचा त्याला हात लागत नाही.

याआधी मी काही तोंडी वाटण्या केल्या असतील, विशेषतः चिडले असताना, त्या सगळ्या रद्द. हे मला वाचून दाखवले, मी ऐकले, दोन ठिकाणी भांडले, आणि मान्य केले. मला लिहिता येत नाही म्हणून खाली क्रूस काढते.

सान आंतोनियो दे बेहार, मार्च महिन्याचा पहिला आठवडा, सन १८७६.

एदुविहेस तोवार, तिची खूण: ✝

लेखनिक: क्रिस्पीन आरोचा. मी खोडाखोड मोजून समासात सह्या केल्या आहेत. माझ्या आजवरच्या धंद्यात इतकी खोडाखोड झालेली नाही.

साक्षीदार पहिला: पान्फिलो रेंदोन, मेणबत्त्यांचा व्यापारी. माझ्यासमोर खूण केली.

साक्षीदार दुसरा: ओत्मार, खाटीक. भाषा सगळी कळली नाही. बाकी कळले.

साक्षीदार तिसरी: पेत्रोनिला फारियास, अन्सेल्मो फारियास पाटकरी यांची मुलगी. वरचे दार कसे लावले होते ते मी ऐकले आणि ते खरे आहे असे लिहून देते. बाबांना मी शनिवारी नवऱ्याच्या गाडीतून नेते आणि काकाच्या दगडाशेजारी ठेवते. त्याच दगडावर शिपाई एउसेबियो लिरा यांचे नाव कोरून घेईन. त्यांची हाडे नाहीत ही अडचण नाही, काकाचीही तिथे नाहीत.